सरहद्द गांधींची दुसरी लढाई

रमजान हा सब्राचा महिना. सब्र म्हणजे दिवसभर उपाशी राहून मगरिबच्या अजानची वाट पाहणे एवढेच नव्हे. राग आला तरी जीभ आवरणे, अंगात ताकद असूनही हात न उचलणे आणि लोकांनी नावे ठेवली तरी हाती घेतलेले चांगले काम न सोडणे, हे सारे सब्रात येते. हा शब्द ज्यांनी आयुष्यभर शस्त्रासारखा जवळ बाळगला, अशा एका धिप्पाड पठाणाची ही हकिकत. त्यांचे नाव खान अब्दुल गफार खान. भारतात त्यांना सरहद्द गांधी म्हणतात, त्यांचे पख्तून लोक त्यांना बाचा खान किंवा बादशाह खान म्हणतात.

शाळेच्या पुस्तकातून ते आपल्याला भेटतात ते इंग्रजांविरुद्ध लढणारे म्हणून. लाल कपड्यातले खुदाई खिदमतगार, पेशावरचा गोळीबार, महात्मा गांधींच्या शेजारी बसलेला उंचापुरा माणूस, एवढे चित्र बहुतेकांच्या मनात असते. पण त्यांची आणखी एक लढाई होती. ती परक्या सरकारशी नव्हती, आपल्याच घरातल्या रिवाजाशी होती. पख्तून बाईला शिकू द्यायचे की नाही, तिला तिचा हिस्सा द्यायचा की नाही, चारचौघांत तिचे म्हणणे ऐकायचे की नाही, हा त्या लढाईचा विषय होता.

बोरी अरब, दारव्हा, यवतमाळ या पट्ट्यातल्या वाचकांना तर बाचा खान परके वाटण्याचे कारणच नाही. यवतमाळहून कळंब, देवळी करत दीड-दोन तासांत जिथे पोचता येते, त्या वर्ध्यात ते राहिले, तिथेच त्यांची लेक शिकायला आली आणि तिथूनच पोलिसांनी त्यांना धरून नेले.

उतमानझईचा खानदानी मुलगा

बाचा खान यांचा जन्म १८९० चा, पेशावरजवळच्या चारसद्दा भागातल्या उतमानझई गावचा. वडील बहराम खान हे मोठे जमीनदार. त्या मुलुखात खुनाचा बदला खुनाने घेणे ही इज्जतीची बाब मानली जाई. पिढ्यान्‌पिढ्या वैर चाले. बहराम खान यांनी मात्र आपल्या शत्रूंना माफ करून टाकले होते आणि गावाला त्याचे नवल वाटे. आई निरक्षर, पण अत्यंत नमाजी. घरात मोठे भांडे चढवून ती गोरगरिबांसाठी रांधत असे. मुलाने जो दीन पाहिला तो आधी या आईबापांच्या वागण्यात पाहिला, मग मशिदीत कुराण पाठ करताना.

त्या काळी तिथले बरेचसे मुल्ला इंग्रजी शाळेला हराम ठरवत. मुलांना शाळेत घालणाऱ्याला जहन्नमची भीती दाखवली जाई. बहराम खान यांनी तिकडे लक्ष न देता दोन्ही मुलांना पेशावरच्या मिशनरी शाळेत घातले. थोरले, पुढे डॉक्टर खानसाहेब म्हणून प्रसिद्ध झालेले, विलायतेला जाऊन डॉक्टर झाले आणि तिथे त्यांनी इंग्रज बाईशी लग्न केले. धाकट्याला फौजेतल्या गाइड्स पलटणीत अधिकाऱ्याची जागा मिळत होती. पण एका हिंदुस्थानी अधिकाऱ्याचा इंग्रजाने केलेला अपमान डोळ्यांदेखत पाहिला आणि त्यांनी ती नोकरी नाकारली. काही काळ ते अलीगढला शिकले. विलायतेला जाण्याची संधीही आली, वडील पैसे द्यायला तयार होते. पण एक मुलगा दूर गेलेल्या आईने दुसऱ्याला जाऊ दिले नाही. मुलाने आईचे ऐकले आणि गावात राहून काय करता येईल याचा विचार सुरू केला.

उत्तर समोरच होते. गावोगाव बंदुका होत्या, शाळा नव्हत्या. १९१० मध्ये, विशीतच, त्यांनी उतमानझईत शाळा काढली. तुरंगझईचे हाजीसाहेब या मानाच्या बुजुर्गांच्या साथीने आसपासच्या गावांतही शाळा उघडल्या. इंग्रज सरकारला त्यात बंडाचा वास आला आणि १९१५ मध्ये या शाळा बंद पाडण्यात आल्या.

घरातही दुःख थोडे नव्हते. १९१२ मध्ये मेहरकंदा यांच्याशी त्यांचा निकाह झाला. गनी आणि वली ही दोन मुले झाली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्या गेल्या. पुढे नंबाता यांच्याशी लग्न झाले. मेहरताज ही मुलगी आणि अब्दुल अली हा मुलगा त्यांचा. १९२६ मध्ये हज करून दोघे जेरुसलेमला गेले असता नंबाता जिन्यावरून पडल्या आणि त्यातच त्यांचे निधन झाले. बाचा खान तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

शाळा, तुरुंग आणि एक मासिक

१९२१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी पख्तून समाजाच्या सुधारणेसाठी अंजुमन स्थापन केली आणि उतमानझईत आझाद शाळा सुरू केली. पिढीजात वैर संपवणे, लग्नकार्यातली उधळपट्टी थांबवणे, शिक्षण वाढवणे, आपली पश्तो भाषा लिहिती-वाचती करणे ही अंजुमनची कामे. वर्ष संपायच्या आत सरकारने त्यांना तीन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा दिली. पायात बेड्या, दळायला चक्की आणि अंधारकोठडी. ते तुरुंगात असतानाच आई गेली. १९२४ मध्ये सुटून आले तेव्हा लोकांनी त्यांना फख्र-ए-अफगाण, म्हणजे अफगाणांचा अभिमान, असा किताब दिला.

मे १९२८ मध्ये त्यांनी 'पख्तून' नावाचे पश्तो मासिक सुरू केले. ज्या भाषेत वाचण्यासारखे नियतकालिक जवळजवळ नव्हतेच, त्या भाषेतला हा प्रयत्न. त्यातली खरी धाडसाची गोष्ट अशी की, या मासिकाची पाने बायकांनाही खुली होती. नगीना नावाच्या एका लेखिकेने त्यात पख्तून पुरुषांना सरळ जाब विचारला. स्वतःसाठी स्वातंत्र्य मागणारा पुरुष घरातल्या बाईला मात्र ते का देत नाही, असा तिचा सवाल होता. ज्या समाजात परक्यासमोर बाईचे नाव उच्चारणेही कमीपणाचे समजत, तिथे बाईने नावानिशी लिहिणे आणि पुरुष संपादकाने ते छापणे, ही साधी बाब नव्हती. संपादकाला मासिकाचे वाचक पुरुषच आहेत हे ठाऊक होते. त्यांनीच ते वाचावे, हाच तर हेतू होता.

त्याच सुमारास शेजारच्या अफगाणिस्तानात मोठी उलथापालथ चालू होती. बादशहा अमानुल्ला आणि राणी सुरय्या यांनी १९२१ मध्ये काबूलला मुलींची शाळा काढली. बायकांसाठी साप्ताहिक निघाले, ते सुरय्यांच्या आई अस्मा रस्मिया पाहत. १९२८ मध्ये काही मुलींना शिकण्यासाठी तुर्कस्तानला पाठवण्यात आले. पण या सुधारणा राजवाड्यातून, फर्मानाने आल्या होत्या. वरून कर वाढले, टोळ्या नाराज झाल्या, धर्माच्या नावाने लोकांना भडकवणे सोपे झाले आणि जानेवारी १९२९ मध्ये अमानुल्लांना गादी सोडावी लागली. बाचा खान यांनी त्यांच्या मदतीसाठी सरहद्दीवर निधी आणि औषधपाणी गोळा करण्याची खटपट केली, पण उशीर झाला होता. गादी गेलेले हे राजघराणे त्या वर्षी मुंबईला आले. तिथेच राणी सुरय्यांना मुलगी झाली. तिचे नाव ठेवले इंडिया.

अमानुल्लांचे तख्त गेले त्याच वर्षी, नोव्हेंबर १९२९ मध्ये, बाचा खान यांनी खुदाई खिदमतगार ही संघटना उभी केली. दोन्ही मार्गांतला फरक इथे दिसतो. राजाने कायदा केला आणि गावाने तो मानला नाही. बाचा खान गावात जाऊन बसले. हुजऱ्यात, म्हणजे पुरुषमंडळींच्या बैठकीच्या जागेत, एकेका माणसाशी बोलत राहिले. हे काम सावकाशीचे होते, पण उपटून टाकायला अवघड.

बदला सुटला तर बाई सुटेल

खुदाई खिदमतगार व्हायचे तर खुदाची शपथ घ्यावी लागे. हिंसा करणार नाही, बदला घेणार नाही, जुलूम करणाऱ्याला माफ करीन, वैर आणि भांडणतंट्यापासून दूर राहीन, साधे जगेन आणि रोज निदान दोन तास समाजाचे काम करीन, असा तिचा आशय. पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून ते रंगवले गेले आणि लाल डगलेवाले हे नाव पडले.

ही शपथ पुरुष घेत, पण तिचा लाभ बायकांपर्यंत कसा पोचे, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या मुलुखात दोन घराण्यांचे खुनी वैर मिटवायचे तर कधी कधी एका घरची मुलगी दुसऱ्या घरी दिली जाई. तिला स्वारा म्हणत. खून कोणी तरी पुरुषाने केलेला, भरपाई म्हणून जायची ती मुलगी, आणि उरलेले आयुष्य शत्रूच्या घरात काढायचे. ज्यांच्यात वैर नव्हते त्या घरांतही नवरा, भाऊ, मुलगा कधी मारला जाईल ही धास्ती बायकांच्याच वाट्याला. बदल्याची रीतच मोडली तर या साऱ्यातून बाईची सुटका होते. बाचा खान यांनी अहिंसेला सब्र म्हटले. मक्केत तेरा वर्षे छळ सोसणाऱ्या पैगंबरांचा आणि त्यांच्या साथीदारांचा हा मार्ग आहे, नवे काही नाही, असे ते लोकांना समजावत. त्यांना अहिंसा गांधीजींकडून उसनी घ्यावी लागली नाही. ती त्यांना आपल्याच दीनात सापडली होती. गांधीजींच्या चळवळीत तिची जोडी मिळाली.

बायकांच्या सभेतही ते बोलत. त्यांचा मुद्दा साधा असे. कुराणाने बाईला पुरुषाबरोबर हक्क दिले आहेत. ते हक्क हिरावले असतील तर धर्माने नव्हे, खुदा-रसूलचा हुकूम विसरून रिवाजामागे लागलेल्या पुरुषांनी. चळवळ यशस्वी झाली तर हे हक्क परत देऊ, असे आश्वासन ते भर सभेत देत आणि पुरुष कार्यकर्त्यांना ते ऐकावे लागे.

यात नुसती भावनेची बाब नव्हती. सरहद्दीवर तेव्हा वारशाच्या बाबतीत शरीयत नव्हे तर टोळीचा रिवाज चाले. शरीयतप्रमाणे लेकीला, बायकोला, आईला ठरलेला वाटा आहे. रिवाजाप्रमाणे काहीच नाही. १९३५ मध्ये त्या प्रांतात रिवाजाऐवजी शरीयत लागू करणारा कायदा झाला आणि १९३७ मध्ये देशभरासाठी शरीयत कायदा आला, त्यामागे बायकांच्या वाट्याचा प्रश्न हे एक मोठे कारण होते. तरीही १९३७ च्या कायद्यातून शेतजमीन वगळली गेली. जिथे खरी मालमत्ता जमीनच, तिथे ती बाजूला ठेवून उरलेल्यात वाटा देणे, याचा अर्थ कोणालाही समजेल.

२३ एप्रिल १९३० ला बाचा खान यांना अटक झाली आणि पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. माणसे पडत होती, पण जमावातून उलट गोळी आली नाही. चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदार शिपायांनी गोळी चालवण्यास नकार दिला आणि लांबलचक शिक्षा भोगल्या. त्या वर्षभरात गावेच्या गावे वेढली गेली, घरे जाळली गेली. पुरुष तुरुंगात गेले की घर, शेत आणि चळवळीचा चरखा बायका सांभाळत. कोणत्याही यादीत त्यांची नावे फारशी सापडत नाहीत.

वर्ध्याचे दिवस

१९३१ च्या डिसेंबरात दोघा भावांना पुन्हा अटक झाली आणि हजारीबागच्या तुरुंगात ठेवले गेले. २७ ऑगस्ट १९३४ ला सुटका झाली, पण सरहद्द प्रांतात आणि पंजाबात पाऊल ठेवायचे नाही या अटीवर. घर असून बेघर झालेले दोघे भाऊ वर्ध्याला आले. जमनालाल बजाज यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. गांधीजी तेव्हा वर्ध्यातच होते.

वर्ध्याच्या लोकांनी एक पाच वेळचा नमाजी पठाण जवळून पाहिला. संध्याकाळच्या प्रार्थनेला तो गांधीजींजवळ बसे, तिथे रामायण चाले तेही ऐके आणि नमाजाची वेळ झाली की आपला नमाज पढे. यात कोणालाच काही वावगे वाटले नाही. वऱ्हाडातल्या कित्येक गावांत दर्ग्याचा उरूस आणि पोळा एकाच उत्साहाने होतो. त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

याच काळात त्यांची मुलगी मेहरताज इंग्लंडहून वर्ध्याला आली. ती काकूजवळ विलायतेत शिकत होती. बारा-तेरा वर्षांच्या या पख्तून मुलीच्या शिक्षणाची सोय वर्ध्यातल्या मुलींच्या आश्रमात करण्यात आली आणि मीराबेन यांनी तिच्याकडे लक्ष दिले. एका खानदानी पठाणाने आईविना वाढलेली मुलगी आधी सातासमुद्रापार आणि मग विदर्भातल्या आश्रमात शिकायला ठेवली, ही बातमी उतमानझईच्या हुजऱ्यापर्यंत पोचली असणारच. भाषणात सांगितलेले आपल्या लेकीच्या बाबतीत करून दाखवले, म्हणून त्या भाषणांना वजन होते.

त्या ऑक्टोबरात मुंबईला काँग्रेसचे अधिवेशन भरले. बाचा खान यांना अध्यक्षपद देऊ केले होते. आपण शिपाईगडी आहोत असे म्हणून त्यांनी ते नाकारले. मुंबईतच त्यांनी एका ख्रिस्ती संस्थेच्या सभेत सरहद्दीवर सरकारने काय केले ते सांगितले. तेवढ्यावरून राजद्रोहाचा खटला झाला. ७ डिसेंबर १९३४ ला पोलीस वर्ध्याला आले आणि त्यांना पकडून मुंबईला घेऊन गेले. दोन वर्षांची सजा झाली. लेक मागे वर्ध्यात राहिली. ज्या ग्रामोद्योग संघाच्या कामात त्यांचे मन रमले असते, तो त्याच महिन्यात वर्ध्याला स्थापन झाला.

१९३६ मध्ये सुटल्यावरही सरहद्दीची बंदी कायम होती. म्हणून ते पुन्हा वर्ध्याकडेच आले. गांधीजी तोवर शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले होते. १९३७ मध्ये डॉक्टर खानसाहेबांचे मंत्रिमंडळ सरहद्द प्रांतात आले आणि सहा वर्षांनी बाचा खान घरी परतले.

महाराष्ट्राने या कामात आपला वाटाही उचलला. दादाभाई नौरोजींची नात खुर्शेदबेन नौरोजी ही मुंबईची, विलायतेत पाश्चात्त्य संगीत शिकलेली पारशी बाई. गांधीजींच्या सांगण्यावरून ती सरहद्दीवर गेली. खुदाई खिदमतगारांच्या बरोबरीने ती गावोगाव पायी फिरली. पुरुष कार्यकर्त्यांना ज्या पडद्याआड जाता येत नसे तिथे ती जाऊ शके, बायकांत बसे, त्यांना चळवळीबद्दल सांगे. माणसे पळवून नेऊन खंडणी मागणाऱ्या टोळ्यांच्या मुलुखातही ती निर्धास्त शिरली. १९४० मध्ये सरकारने तिला पकडले. मुसलमान पख्तून बायकांसाठी एका पारशी बाईने तुरुंग पत्करला, हे आज फार थोड्यांना आठवते.

दोन्ही सरकारांचा कैदी

१९४२ च्या लढ्यात पोलिसांच्या मारहाणीत बाचा खान यांच्या बरगड्या मोडल्या. १९४७ च्या वसंतात ते गांधीजींबरोबर बिहारच्या दंगलग्रस्त गावांतून फिरले, जिथे मारले गेलेले लोक मुसलमान होते. फाळणी त्यांना मान्य नव्हती. काँग्रेसने ती मान्य केली तेव्हा आपल्याला एकटे सोडले गेले, ही खंत त्यांनी कधी लपवली नाही. पाकिस्तान झाल्यावर त्यांनी त्या देशाशी निष्ठेची शपथ घेतली, तरी १९४८ च्या जूनमध्ये त्यांना तुरुंगात टाकले.

१२ ऑगस्ट १९४८ ला चारसद्द्याजवळ बाबडा इथे खुदाई खिदमतगारांच्या जमावावर गोळीबार झाला. मृतांच्या आकड्यावर आजही वाद आहे. पण त्या दिवसाची जी आठवण पख्तून घरांत सांगितली जाते ती बायकांची आहे. गोळीबार थांबावा म्हणून त्या डोक्यावर कुराण धरून पुढे झाल्या. या वेळी गोळ्या चालवणारे परक्या धर्माचे नव्हते.

इंग्रजांचे आणि पाकिस्तानचे तुरुंग मिळून बाचा खान यांच्या आयुष्यातली सुमारे तीस वर्षे कैदेत गेली. १९६२ मध्ये अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यांची वर्षाचा कैदी म्हणून निवड केली. १९६४ मध्ये ते अफगाणिस्तानात गेले आणि आठ वर्षे तिथे राहिले. त्याच वर्षी त्या देशाच्या नव्या राज्यघटनेने बायकांना मतदानाचा हक्क दिला. पुढच्या वर्षी चार बायका संसदेत निवडून आल्या आणि कुब्रा नूरझई या मंत्री झाल्या. अमानुल्लांच्या पडझडीनंतर पस्तीस वर्षांनी काबूलमध्ये मुली पुन्हा शाळा-कॉलेजात दिसू लागल्या होत्या.

१९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीसाठी ते भारतात आले तेव्हा अहमदाबाद दंगलीत होरपळत होते. पाहुणा म्हणून सत्कार घेण्याऐवजी त्यांनी तीन दिवसांचा उपवास केला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाचा तो रोजाच होता, हिंदू-मुसलमान दोघांसाठी धरलेला.

सून मैदानात उतरते

लेकी-सुनांना शिकवले, बोलू दिले, तर काय होते हे त्यांच्याच घरात दिसले. १९७५ मध्ये पाकिस्तान सरकारने त्यांचे पुत्र वली खान यांच्या पक्षावर बंदी घातली आणि वली खान यांना तुरुंगात टाकले. पक्षाचे बहुतेक पुढारी आत होते. तेव्हा वली खान यांच्या पत्नी नसीम वली खान चादर सावरून व्यासपीठावर आल्या. त्या एका जुन्या खुदाई खिदमतगाराच्या कन्या. पुरुषांच्या भरलेल्या सभांत त्या बोलल्या आणि १९७७ च्या निवडणुकीत थेट मतदानाने निवडून आल्या. त्या प्रांतातून असा विजय मिळवणारी ती पहिली स्त्री. नव्वदीकडे झुकलेल्या सासऱ्याने हे डोळ्यांनी पाहिले.

१९८५ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या शताब्दीसाठी ते मुंबईला आले होते. १९८७ मध्ये भारताने त्यांना भारतरत्न दिले. हा सन्मान मिळालेले ते पहिले परदेशी नागरिक.

२० जानेवारी १९८८ ला पेशावरला त्यांचे इंतकाल झाले. इच्छेप्रमाणे दफन अफगाणिस्तानातल्या जलालाबादला, त्यांच्या राहत्या घराच्या बागेत झाले. सोव्हिएत फौजा अजून त्या देशात होत्या, युद्ध जोरात होते. जनाजा खैबर खिंडीतून जाणार म्हणून दोन्ही बाजूंनी बंदुका खाली ठेवल्या. तरीही दफनाच्या ठिकाणी स्फोट झाले आणि माणसे मेली. आयुष्यभर बंदुकीला नाही म्हणणाऱ्याच्या जनाज्यालाही बारूद चुकली नाही.

अर्धी राहिलेली लढाई

बाचा खान यांचे काम पूर्ण झाले असे म्हणणे खरे होणार नाही. त्यांच्या चळवळीचे पुढारी पुरुषच राहिले. मुलांच्या शाळा जितक्या निघाल्या तितक्या मुलींच्या निघाल्या नाहीत. अर्धे आयुष्य तुरुंगात गेलेल्या माणसाला हवे ते सारे करता आले नाही. पण पख्तून समाजाचा दाखला देऊन बाईला घरात बसवणाऱ्यांना त्यांनी एक अडचण करून ठेवली. शिक्षणाला विरोध म्हणजेच पख्तून रीत, असे आता छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण पख्तूनांचा सर्वांत मोठा पुढारी त्याच्या उलट सांगून गेला.

त्यांच्यानंतरही हे काम सामान्य बायकांनीच पुढे नेले. मीना केश्वर कमाल या काबूलच्या तरुणीने १९७७ मध्ये अफगाण बायकांची क्रांतिकारी संघटना काढली, बायकांसाठी मासिक चालवले, क्वेट्ट्यात निर्वासितांच्या मुलांसाठी शाळा उघडली. फेब्रुवारी १९८७ मध्ये, अवघ्या तिशीत, तिची हत्या झाली. १९९६ ते २००१ या तालिबानच्या पहिल्या राजवटीत घराघरांत चोरून शाळा भरल्या. शिवणकामाच्या नावाखाली मुली वह्या घेऊन जात. २०१२ मध्ये स्वातच्या मलाला युसूफझईवर शाळेतून घरी येताना गोळी झाडली गेली. २०१६ मध्ये बाचा खान यांच्या पुण्यतिथीच्याच दिवशी चारसद्द्यात त्यांच्या नावाच्या विद्यापीठावर हल्ला झाला आणि वीसहून अधिक जण मारले गेले.

ज्या जलालाबादमध्ये त्यांची कबर आहे, तिथे २०२१ पासून सहावीच्या पुढे मुलींना शाळा बंद आहे. २०२२ च्या डिसेंबरात विद्यापीठांची दारेही बंद झाली. युनेस्कोने २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यानुसार किमान १४ लाख अफगाण मुली माध्यमिक शिक्षणापासून वंचित झाल्या आहेत. आणि पुन्हा एकदा घरांच्या आतल्या खोल्यांत, मोबाइलवर, रेडिओवर मुली शिकत आहेत. शिकवणाऱ्या बायकांना पकडले जाण्याची भीती असते, तरी त्या शिकवतात. हाही सब्रच.

कुराण उतरायला सुरुवात झाली ती रमजानमध्ये, आणि त्यातला पहिला आदेश वाचण्याचा आहे. तो फक्त पुरुषांसाठी आहे असे त्यात कुठेही नाही.

काबूल दूर आहे म्हणून हा विषय दूर ठेवण्याचे कारण नाही. बोरी अरबहून एसटीचा पास घेऊन दारव्ह्याला किंवा यवतमाळला शिकायला जाणाऱ्या मुलींत आज हिजाबवाल्याही आहेत आणि दोन वेण्यांच्याही. ही आपल्या आधीच्या पिढ्यांची कमाई. पण दहावी-बारावीनंतर त्यातल्या किती जणींचा पास पुढे चालू राहतो, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे. बाप गेल्यावर भाऊ बहिणीसमोर हक्कसोडपत्राचा कागद ठेवतो तो मोहल्ल्यातही आणि वाड्यातही. बहीण माहेर तुटू नये म्हणून मुकाट सही करते. सातबाऱ्यावर तिचे नाव राहत नाही. शरीयत तिला वाटा देते, हिंदू वारसा कायदा तिला वाटा देतो, आणि रिवाज तो दोघींकडूनही काढून घेतो. धर्म आणि रिवाज यांतला हा फरक बाचा खान शंभर वर्षांपूर्वी पख्तूनांच्या हुजऱ्यात समजावत होते.

रमजानमध्ये घरोघरी जकातीचा हिशोब मांडला जातो. सोने किती, रोकड किती, देणे किती. त्याच वहीत बहिणीचा थकलेला वाटा आणि लेकीच्या पुढच्या वर्षाची फी या दोन ओळी घालायला फार जागा लागत नाही.